केनियात मिशनची टीम घेऊन उतरताय? पहिला आठवडा कसा जातो आणि कसा जावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका मंडळीतले बाराजण, त्यात तरुण संघाची मुलं-मुली, दोन नर्स आणि एक पाळक, ऑगस्टमध्ये केनियाला निघालेत. मोंबासाजवळच्या रबाई भागात एका शाळेला पावसाच्या पाण्याची टाकी बांधून द्यायची आणि जमलं तर आरोग्य शिबिर घ्यायचं. यजमान तिथलीच एक अँग्लिकन मंडळी. उतरल्यावर नेमकं काय होतं, आणि दिवस मोजकेच असल्यामुळे पहिल्या दिवसापासून काम कसं सुरू करायचं, हे विचारलंय.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. भारतातून आणि इतर देशांतून येणाऱ्या टीमना उतरवून घेणं हा त्या कामाचाच भाग. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: पहिल्या दिवसापासून काम सुरू करू नका. पहिले तीन-चार दिवस पाहुणे म्हणून राहा. ते दिवस वाया जात नाहीत. टाकी पुढची दहा वर्षं चालणार की दोन वर्षांत कोरडी पडणार, ते बहुधा त्याच दिवसांत ठरतं.

पण त्याआधी निघण्यापूर्वीच्या दोन-तीन गोष्टी, कारण विमानतळावर अडतं ते घरी राहून गेलेल्या गोष्टींमुळेच.

केनियाने २०२४च्या सुरुवातीपासून व्हिसा बंद करून ई-टीए, म्हणजे ऑनलाइन पूर्वपरवानगी, सुरू केली. अर्ज प्रत्येकाचा वेगळा, आणि त्यात येण्याचं कारण लिहावं लागतं. इथे बरेच जण ‘पर्यटन’ लिहून मोकळे होतात. पगार घेत नसलात तरी तिथे जाऊन काम करणं हे कायद्याच्या नजरेत कामच आहे. अल्प मुदतीसाठी स्पेशल पास असतो, दीर्घकाळ राहणाऱ्या मिशनऱ्यांसाठी वेगळ्या वर्गाचं परमिट असतं, आणि दोन्हींची कागदपत्रं यजमान संस्थेकडून हलावी लागतात. तेव्हा बिशप ऑफिसला आत्ताच लिहा आणि तुमच्या मुक्कामाला काय लागेल ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. किनाऱ्यावर याबाबत आता ढिलाई नाही. रबाई ज्या किलिफी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिथल्याच शाकाहोला जंगलात २०२३ साली एका उपदेशकाच्या नादी लागून उपाशी राहिलेल्या माणसांचे चारशेहून जास्त मृतदेह उकरून काढावे लागले. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या कुठल्याही धार्मिक गटाकडे प्रशासन बारकाईने बघतं, आणि बघायलाच हवं.

पीतज्वराची लस हा दुसरा मुद्दा. भारतातून थेट जाताना केनिया ती सहसा मागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. मागतो तो भारत, परत येताना. केनिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. केंद्रांवर गर्दी असते. बाराजणांची वेळ एकत्र मिळेल या भरवशावर राहू नका.

मलेरियाबद्दल आपल्याकडे एक फाजील आत्मविश्वास असतो: ‘आम्हाला काय, आमच्याकडेही डास आहेत.’ नैरोबी उंचावर असल्याने तिथे धोका कमी. किनाऱ्यावर मात्र तो वर्षभर असतो, आणि बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे जीवघेणा प्रकार. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला त्याविरुद्ध कसलीही प्रतिकारशक्ती नसते. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि परतल्यावरही ठरलेले दिवस पूर्ण करा. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यानंतर चार आठवडे. टीममधलं कुणी ना कुणी घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी गोळी सोडतंच. ते कोण असेल हे तुम्हाला आत्ताच माहीत असेल.

आता सामान. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. दंड आणि तुरुंग दोन्ही कायद्यात आहेत, आणि विमानतळावर पिशव्या काढून घेतात. आपली माणसं चिवडा, शेव, लाडू, लोणचं सगळं पिशवीत पिशवी घालून बांधतात. हे सगळं डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरा. जुने कपडे तर अजिबात नेऊ नका. जगभरातले वापरलेले कपडे तिथे मितुंबा म्हणून गठ्ठ्यांनी येतात आणि मोंबासाच्या कोंगोवेआ बाजारात त्यांचे ढीग लागलेले असतात. बारा बॅगा भरून कपडे नेलेत तर त्या बाजारात तेरावा ढीग घातल्यासारखं होईल. प्लगसाठी तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर घ्या. डॉलर नेणार असाल तर नव्या छपाईच्या, न दुमडलेल्या नोटा घ्या. जुनी किंवा जराशी फाटकी नोट तिथे कुणी हातात धरत नाही.

मुंबईहून नैरोबी साधारण सहा तास, आणि घड्याळ अडीच तास मागे. विमानतळावर बोटांचे ठसे, फोटो आणि एक साधा प्रश्न: कुठे राहणार, कशासाठी आलात? बारा जणांनी बारा उत्तरं देऊ नयेत. प्रत्येकाच्या खिशात यजमान मंडळीचं पत्र, पत्ता आणि पाळकांचा फोन नंबर कागदावर हवा. फोनमध्ये नको, कारण नेमकी त्याच वेळी बॅटरी गेलेली असते. बाहेर आल्यावर पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि टीमच्या खजिनदाराच्या नंबरवर एम-पेसा सुरू करून घ्या. २००७ पासून हा देश फोनवरून पैसे देतो. भाजीवालीपासून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत सगळीकडे ते चालतं आणि प्रत्येक व्यवहाराचा मेसेज येतो, त्यामुळे हिशेब आपोआप राहतो.

त्याच दिवशी मोंबासा गाठायचा हट्ट धरू नका. रात्रभर जागलेली टीम घेऊन संध्याकाळी अनोळखी ठिकाणी उतरणं आणि अंधारात मोंबासा रोडवर ट्रकच्या रांगांमधून जाणं, यात काहीच शहाणपण नाही. एक रात्र नैरोबीत चर्चच्या गेस्टहाऊसमध्ये काढा, स्वेटर जवळ ठेवा (ऑगस्टमध्ये तिथे चांगलंच गार असतं), आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेने निघा. २०१७ साली सुरू झालेली ही नवी रेल्वे पाच-सहा तासांत किनाऱ्यावर पोहोचवते. वाटेत त्सावो राष्ट्रीय उद्यानाच्या लाल मातीत लाल झालेले हत्ती खिडकीतूनच दिसतात.

या स्टेशनावरची तपासणी नवख्यांना गोंधळात टाकते. सगळ्यांना आपापल्या बॅगा एका सरळ रेषेत ठेवून मागे उभं राहायला सांगतात. मग पोलिसांचा कुत्रा त्या रेषेवरून हुंगत जातो. तो पुढे गेल्याशिवाय कुणी बॅगेला हात लावायचा नाही. आपल्यातल्या एखाद्या ताईला बॅगेतल्या सुक्या बोंबलाच्या चटणीची काळजी वाटायला लागते. कुत्रा तिथे जरा रेंगाळतो, पण पुढे जातो. तासभर आधी पोहोचा आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच असू द्या.

मोंबासाचं स्टेशन मिरितिनीला, बेटाच्या बाहेर आहे, आणि रबाई माझेरासवरून आत. म्हणजे तुम्हाला शहरात शिरायची गरजच नाही. यजमानांची गाडी तिथेच बोलवा.

आता मुख्य गोष्ट. ‘आफ्रिकेत मिशनसाठी’ हे शब्द आपल्याकडे सहज बोलले जातात, पण तुम्ही कुठे चाललाय ते नीट समजून घ्या. जर्मन मिशनरी योहान लुडविग क्राप्फ मोंबासाला आले १८४४ साली. काही महिन्यांतच त्यांची पत्नी आणि नवजात मुलगी वारल्या. मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर त्यांना पुरलं. १८४६ला त्यांचे सहकारी मिशनरी रेबमान आले आणि दोघांनी रबाईला ठाणं मांडलं. केनियात प्रॉटेस्टंट मंडळीची सुरुवात झाली ती इथून. आज २०१९च्या जनगणनेप्रमाणे देशातले सुमारे ८५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. तुम्ही जिथे सुवार्ता घेऊन चाललात तिथे ती पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पोहोचलीय. बहुतेक रविवारी तिथल्या देवळात तुमच्या देवळापेक्षा जास्त माणसं बसलेली असतील.

आणि नाशिककर म्हणून तुमचं या गावाशी नातं आहे. टीममधल्या किती जणांना ते माहीत आहे ते विचारून बघा. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात त्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती, आणि अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे ठेवलं जाई. लोहारकाम, सुतारकाम, लिहिणं-वाचणं ती तिथेच शिकली. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात ‘नासिक बॉईज’ म्हणून ओळखली गेलेली मंडळी यांच्यातलीच. लिव्हिंग्स्टन १८७३ला वारले तेव्हा त्यांचं हृदय आफ्रिकेतच पुरताना प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट नाशिकचाच. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमधल्या अंत्यविधीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. शरणपूर चालवणारे रेव्हरंड प्राइस १८७४-७५ला मोंबासाला गेले आणि मुक्त गुलामांसाठी त्यांनी फ्रेरेटाऊन वसवलं. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं. नाशिकहून गेलेले आफ्रिकन ख्रिस्ती, ज्यांना तिकडे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत, ते फ्रेरेटाऊन आणि रबाईतल्या मंडळीचा कणा होते. त्यांच्यातल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली.

हे सगळं पाळकांनी आधी वाचावं आणि पहिल्या रविवारी दोन मिनिटांत सांगावं. रबाई-फ्रेरेटाऊनच्या जुन्या घराण्यांतल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे ‘नासिक’ ऐकल्यावर खुलताना मी पाहिलेत. मात्र तो इतिहास सरळ गोड नाही हेही लक्षात ठेवा. बॉम्बे आफ्रिकन स्वतःला स्थानिकांपेक्षा पुढारलेले समजत, आणि गोरे मिशनरी या बॉम्बे आफ्रिकनांना बरोबरीचं मानायला तयार नसत. त्यावरून खूप कटुता झाली. कोण कुणाला शिकवायला आलंय, हा प्रश्न त्या भूमीवर तेव्हापासूनचा आहे, आणि तुमच्या टीमकडे बघतानाही तो लोकांच्या मनात असतो.

तुम्ही तिथे ‘मुझुंगू’, म्हणजे गोरे, नसता. तुम्ही ‘मुहिंदी’ असता. या शब्दामागे रेल्वे बांधायला आलेले पंजाबी मजूर आहेत, गुजराती दुकानदार आहेत, नोकरांना दारात उभं करणारे शेठही आहेत. भारतीय माणूस चर्चमध्ये, तोही आपल्या बाकावर, आपल्या ताटात जेवताना, हे दृश्यच अनेकांना नवं असतं. ‘भारतात ख्रिस्ती असतात?’ हा प्रश्न दिवसातून अनेकदा येईल. चिडू नका, उत्तर द्या. आणि एक कडू गोष्ट निघण्याआधी टीमसमोर स्पष्ट बोलून घ्या: रंगावरून, केसांवरून मराठीत केलेला विनोद. भाषा कळत नसली तरी हसण्याची दिशा कळते. २०१७ साली ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांवर झालेले हल्ले तिकडच्या लोकांनी बातम्यांत पाहिलेत. मंडळीतलं कुणी तरी पुण्यात शिकून गेलेलं असतं, आणि रिक्षावाला, घरमालक त्याच्याशी कसे वागले ते त्याने घरी सांगितलेलं असतं.

पहिले दिवस करायचं काय? भेटी. आधी पाळक आणि मंडळीचे वडील, मग मदर्स युनियनच्या बायका (खरी सत्ता त्यांच्याकडे असते, आपल्या महिला मंडळासारखीच), मग शाळेचे मुख्याध्यापक, मग सरकारचा स्थानिक चीफ. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणा. ते ‘मराहाबा’ म्हणतील. दारात ‘होडी’ असा आवाज द्या आणि ‘करिबू’ आल्यावरच आत जा. जेवणाआधी घरातलं कुणी तांब्या आणि परात घेऊन येतं आणि तुमच्या हातावर कोमट पाणी ओततं. हात पुढे करा, मी धुतो म्हणून उठू नका. न्याहारीला माहाम्री, म्हणजे वेलचीची गोडसर पुरी, आणि नारळाच्या दुधात शिजवलेल्या तुरी असतील. त्यावर कुणा मराठी माणसाची तक्रार मी अजून ऐकलेली नाही. अंगणात अनवाणी फिरू नका. फुन्झा नावाची बारीक पिसू पायाच्या बोटात शिरते आणि ती सुईने काढावी लागते.

वेळेचं एक सांभाळा. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा तातू’, म्हणजे शब्दशः तीन वाजता, हे आपले सकाळचे नऊ. ‘उद्या तीनला मीटिंग’ असं कुणी इंग्रजीत म्हटलं तरी कुठले तीन, ते विचारून घ्या.

रविवारची उपासना लांब चालते. तुम्हाला पुढे बोलावतील. ‘ब्वाना आसिफिवे’, म्हणजे प्रभूची स्तुती असो, म्हणायचं, मंडळी ‘आमेन’ म्हणते. मग गाणं मागतात. त्या वेळी घाईघाईत इंग्रजी कोरस म्हणू नका, तो त्यांना तुमच्यापेक्षा चांगला येतो. टाळ घेऊन जा आणि एक मराठी भजन बसवून म्हणा. दुसऱ्या कडव्याला अख्खं देऊळ ठेका धरतं.

उपासना संपल्यावर बाहेर झाडाखाली लिलाव होतो. ज्यांच्याकडे रोख नसते ते दानात वस्तू आणतात: सहा अंडी, शहाळी, मक्याची कणसं, पाय बांधलेला कोंबडा. तरुणांपैकी एक जण अंडी डोक्यावर उंच धरून बोली लावतो, लोक हसत हसत भाव वाढवतात, आणि शेवटी एखादा शिक्षक बाजारभावाच्या चौपट देऊन अंडी घेतो व ती परत ज्या विधवा बाईने आणली तिलाच देऊन टाकतो. तुम्हीही बोली लावा, पण बेताने. पाहुण्याने पहिल्याच बोलीत हजार शिलिंग टाकले की खेळ संपतो. तो कोंबडा तुम्हाला भेट मिळाला तर नाही म्हणू नका. तो पाळकांच्या घरी रात्री जेवणात भेटतो.

किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी आहे, आणि मिजिकेंडा लोकांची काया नावाची पवित्र वनं रबाईच्या आसपास आहेत. २००८ साली त्यांतल्या काही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. चौकात प्रवचन, दारोदार पत्रकं हे सोडून द्या. कायात वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

टाकीचं गणित सोपं आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शाळेचा पत्रा २०० चौरस मीटर असेल तर ५० मिलिमीटरच्या एका दमदार पावसात १०,००० लिटर पडतं. उडणं, गळणं वजा करून ८,००० धरा. ३०० मुलांना दिवसाला दोन लिटर प्यायला दिलं तर वीस दिवसांच्या महिन्याला १२,००० लिटर लागतं. मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर, तेव्हा ऑगस्टमध्ये बांधणं हे वेळेचं छान जमलंय. पण आकार तुम्ही नाशिकहून ठरवून जाऊ नका. मुख्याध्यापकांबरोबर छपराखाली उभं राहून पन्हळी कुठे गंजल्यात ते बघा. टाक्या सहसा फुटत नाहीत, बंद पडतात त्या पन्हळींमुळे आणि पहिलं घाण पाणी बाहेर सोडायची सोय नसल्यामुळे. सिमेंट, पत्रा, नळ माझेरास-मरियाकानीच्या दुकानांतून घ्या. बांधकाम तिथल्या फुंडीला, म्हणजे गवंड्याला, मजुरी देऊन करू द्या. तुमच्यातल्या इंजिनिअरने त्याच्या हाताखाली काम करावं. बारा भारतीयांनी विटा वाहिल्याचे फोटो चांगले येतात, पण त्यात त्या गावातल्या चार जणांची मजुरी बुडते. नळाची किल्ली आणि दुरुस्तीचा छोटा निधी पहिल्या दिवसापासून शाळेच्या समितीकडे असावा.

आरोग्य शिबिराबाबत माझं मत स्पष्ट आहे: या खेपेला स्वतंत्र शिबिर नको. परदेशी नर्सला तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी लागते, डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची, आणि औषधं न्यायची तर फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची. बॅगेतून गोळ्या नेऊन वाटणं बेकायदा आहे. शिवाय तुम्ही निघून गेल्यावर रक्तदाबाची दुसऱ्या महिन्याची गोळी कोण देणार? तुमच्या दोघी नर्सनी काउंटीच्या दवाखान्यात जाऊन तिथल्या सिस्टरांचं काम बघावं आणि त्यांना काय कमी पडतं ते विचारावं. पुढच्या वर्षीचा प्रकल्प तिथेच सापडेल.

शेवटचा भाग पैशांचा, आणि तोच सगळ्यात अवघड. तिसऱ्या दिवसापासून मागण्या सुरू होतात. कुणाच्या मुलीची शाळेची फी, कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाला भारतात शिकायचंय. बहुतेक गरजा खऱ्या असतात. पण एकाने चोरून फी भरली की दुसऱ्या दिवशी गावभर होतं, आणि ज्यांना मिळालं नाही त्यांचं मंडळीशी बिनसतं. नियम एकच ठेवा: कुणीही वैयक्तिक शब्द द्यायचा नाही, प्रत्येक मागणी यजमान समितीकडे. व्हॉट्सअ‍ॅप नंबर टीमप्रमुखाचाच द्या. मुलांचे फोटो शाळेला विचारून, आणि अनाथाश्रम दाखवतो म्हणून कुणी नेऊ लागलं तर नम्रपणे टाळा. केनियाने २०१७ पासून नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आहे, आणि पाहुण्यांसाठी मुलं गोळा करून ठेवण्याचे प्रकार हेही त्यामागचं एक कारण होतं. तुमची मंडळी ट्रस्ट असेल तर भारताबाहेर केलेल्या धर्मादाय खर्चाला करसवलत आपोआप मिळत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, तेव्हा सीएशी आत्ताच बोला.

परत येताना पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नको. आणि परतल्यावर तीन महिन्यांत कुणालाही ताप आला, अगदी साधा वाटला तरी, त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना ‘मी केनियाच्या किनाऱ्यावर होतो’ हे आधी सांगा.